झोयाच्या शाळेसाठी दोन देश

लोक परदेशात कशाला जातात ते मला माहीत होतं. कुणी नोकरीला जातं, कुणी फिरायला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला. मी गेलो शाळा बघायला. येवला तालुक्यातल्या मराठी शाळेत चौतीस वर्षं घालवून निवृत्त झालेल्या मास्तरने पुन्हा शाळाच बघायला जावं, तेही विमानाने, हे ऐकून आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतले माझे समवयस्क बराच वेळ हसत होते. हसून झाल्यावर प्रत्येकाने सल्ला दिला.

झालं होतं असं. माझा मुलगा इम्रान एका मोठ्या कंपनीत बंदरांवरच्या मालाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बघतो. कंपनीने त्याला विचारलं, दुबईला जाणार की सिंगापूरला? महिन्याभरात सांगायचं. ही बातमी पार्किंगमधून निघाली ती लिफ्टच्या आधी पाचव्या मजल्यावर पोचली. खालचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "दुबई म्हणजे घरच समजा." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "छे, सिंगापूर! काय ती शिस्त!" वहिनी सिंगापूरला पाच दिवस टूरबरोबर गेल्या होत्या. तेवढ्यावर तिथल्या शिक्षणपद्धतीबद्दल त्या तासभर बोलल्या.

इम्रानने लॅपटॉपवर तक्ता केला. हवामान, घर, विमानाचं अंतर, मशीद किती लांब, आणि शाळा. प्रत्येकाला गुण. सगळ्यात जास्त वजन शाळेला होतं, आणि ते झोयामुळे.

झोया माझी नात. नऊ वर्षांची, चौथीत. मला दादा म्हणते. आमच्यात आजोबांना दादाच म्हणतात. मुलगी हुशार आहे, हे मी आजोबा म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगतो. पण बोलताना अडखळते. शब्द तिला माहीत असतो, ओठांपर्यंत येतो आणि तिथे अडतो. तिच्या नाशिकच्या शाळेतल्या बाई मनाने फार चांगल्या. तोंडी परीक्षेला तिचा नंबर आला की तिला न विचारताच पूर्ण गुण देतात. घरी आम्हीही मनाने चांगलेच. ती अडखळली की जो जवळ असेल तो तिचं वाक्य पुरं करून टाकतो. त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. उत्तरं आधीच माहीत असणं हा माझा धंदाच होता.

दोन्हीकडच्या शाळा बघायला इम्रान आणि झोयाबरोबर जायची होती सून समीना. पण निघायच्या आठ दिवस आधी सिग्नलला तिची स्कूटर घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. ती औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. औषधाच्या बाटलीवरचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. पलंगावर पाय उंच ठेवून ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही जा. इम्रान इमारत बघून येईल. शाळा तुम्ही बघा."

मी नको नको म्हणालो. फार जोर लावला नाही.

दुबई

दुबईत आम्ही इम्रानच्या कॉलेजातल्या मित्राकडे उतरलो. प्रशांत मूळचा नामपूरचा. विमानतळावर मला पाहून पाया पडला आणि म्हणाला, "काका, बठ्ठं बरं शे ना?" एवढ्या काचेत आणि संगमरवरात 'सगळं बरं आहे ना' हे अहिराणीत ऐकून मला पहिल्यांदा आपण कुठेतरी पोचलो असं वाटलं. गाडीत बसल्यावर मात्र तो दोन वाक्यं मराठीत आणि तिसरं इंग्रजीत बोलू लागला. दहा वर्षांत प्रमाण तेवढं बदललं होतं.

शहराबद्दल काय सांगू? जे जे सांगतात ते सगळं आहे. रस्ते असे की आमच्या घोटीच्या रस्त्याची आठवण काढायला लाज वाटावी. बसथांब्यांना एसी. ड्रायव्हर नसलेली मेट्रो. तिच्यात अगदी पुढे बसून झोयाने तासभर गाडी चालवली. सुपरमार्केटमध्ये प्रशांतने मला हाताला धरून कांद्याच्या फळीपुढे नेलं आणि एक कांदा उचलून, वास घेऊन, सोनाराच्या गंभीरपणे सांगितलं, "आपला आहे." त्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण नामपूरच्या माणसाशी कांद्यावर वाद घालू नये.

मला आवडली ती खाडी. जुन्या बाजाराच्या बाजूला लाकडी होड्या माणसं इकडून तिकडे नेतात. होडीवाला चितगावचा होता. कुठून आलात, त्याने हिंदीत विचारलं. मी म्हणालो, नातीसाठी शाळा बघायला आलोय. तो हसला. म्हणाला, "माझ्या पोरी गावाकडे शिकतात. मी इथून फोनवर त्यांचे पाढे घेतो." मग झोयाला म्हणाला, "बोल बेटी, तेरा साते किती?" झोया हसली, तोंड उघडलं, आणि मी म्हणालो, "एक्याण्णव."

दुसऱ्या दिवशी शाळा. कमानीतून आत गेलो तेव्हा मला आधी वाटलं इम्रानने चुकून हॉटेलात आणलं. दारात कॉफीचं यंत्र, सोफे, भिंतीवर देशोदेशीचे झेंडे. पोहण्याचे दोन तलाव, कारण लहान मुलांचं पाणी वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं. नाट्यगृह. रोबो बनवायची खोली. गिर्यारोहणासाठी एक भिंतसुद्धा. वाळवंटात डोंगर नाही म्हणून शाळेने डोंगर आत आणला होता. नाशिकला डोंगर बाहेर आहेत आणि आमची मुलं ते खिडकीतून बघतात, तेव्हा इथे हसायचा मला अधिकार नव्हता. दीड तास फिरलो. त्यात फळा आणि फळ्यासमोर बसलेली मुलं एकदाही दिसली नाहीत. विचारलं तर प्रवेश विभागाच्या बाई गोड हसून म्हणाल्या, वर्गात व्यत्यय नको म्हणून तो भाग दाखवत नाही.

आमच्याकडे प्रवेशाची रीत वेगळी होती. मी नोकरीला लागलो तेव्हा जन्माचा दाखला क्वचितच असायचा. बाप पोराला पुढे ढकलून म्हणायचा, "मास्तर, ह्याला बसवा तुमच्यात." मी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचो. कान हाताला लागला की पोरगं पहिलीत. इथे झोयाला कॉम्प्युटरसमोर बसवून आकृत्या, आकडे आणि उतारे दिले. ती पाऊण तासात बाहेर आली. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू आणखी रुंदावलं.

मग त्या झोयाकडे वाकून म्हणाल्या, "आणि घरी तुला काय करायला आवडतं?"

झोया म्हणाली, "आय लाइक टू मेक ड... ड..."

माझं इंग्रजी सरकारी परिपत्रकांचं आहे, पण वेळेला कामी येतं. मी म्हणालो, "ड्रॉइंग्ज."

बाईंनी ड्रॉइंग लिहून घेतलं. झोयाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

फॉर्ममध्ये एक रकाना होता. मुलाला काही विशेष मदत लागते का? इम्रानचं पेन त्यावर थोडं थांबलं आणि पुढे सरकलं. रकाना कोरा राहिला. मी पाहिलं. मीही काही बोललो नाही.

आम्ही प्रशांतच्या घरी पोचायच्या आत प्रवेशाचं पत्र आलं. झोयाच्या बुद्धीचं कौतुक आणि तिच्या चित्रकलेला वाव देण्याचं खास आश्वासन. प्रशांतच्या बायकोने शिरा केला. फोनवर समीनाला सांगितलं, तीही खूश झाली. दुबई जवळ, समीनाची बहीण शारजात, मशीद कोपऱ्यावर. तक्त्यात गुण भराभर पडू लागले.

झोया शिऱ्याची वाटी घेऊन गॅलरीत बसली होती. मी विचारलं, "काय मग, आवडली ना शाळा?"

ती बराच वेळ घेऊन म्हणाली, "तिथे म... मला कोणी काही वि... विचारलंच नाही."

"विचारलं की! काय आवडतं म्हणून..."

"ते तुम्हाला विचारलं," ती म्हणाली. हे वाक्य तिने न अडखळता म्हटलं.

सिंगापूर

दुबईत माणसाने वाळूतून शहर उभं केलं. सिंगापुरात झाडांना जरा बाजूला सरकायची विनंती करून उभं केलंय असं वाटतं, आणि झाडांनी ती नियम वाचून मान्य केली आहे. नियम सगळीकडे. गाडीत खायचं नाही, प्यायचं नाही, आणि एका काटेरी फळाच्या चित्रावर लाल फुली. ते फळ इतकं वास मारतं म्हणे की त्याला प्रवासबंदी आहे. हवा अशी दमट की सकाळी घातलेला सदरा दुपारी दुसऱ्याचा वाटतो.

एका गोष्टीने मात्र मी विरघळलो. टॅक्सीवाला, सफाईवाला, चहाची टपरी चालवणारा, सगळ्यांना तिथे अंकल म्हणतात. बायकांना आंटी. दुबईत मी दोन दिवस 'सर' होतो. नोकरीभर ज्या शब्दावर जगलो त्याचा मला तिथे कंटाळा आला होता. इथे पुन्हा काका झालो.

माझी फजितीही इथेच झाली. दुपारी आम्ही जेवायला एका मोठ्या खानावळीत गेलो. चारी बाजूंनी छोटी दुकानं, मध्ये टेबलं, तोबा गर्दी. एक टेबल रिकामं दिसलं. त्यावर कुणाचं तरी टिश्यूचं छोटं पाकीट राहिलेलं. गरीब बिचारा विसरला असेल, म्हणून मी ते उचललं आणि समोरच्या दुकानातल्या मलाय बाईंना नेऊन दिलं, "हे कुणाचं तरी राहिलंय." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मागे वळलो तर चार तरुण भरलेले ट्रे घेऊन टेबलापाशी उभे आणि टेबलावर माझी पिशवी. तिथे टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल राखलं, असा अलिखित कायदा आहे. एवढ्या लिखित कायद्यांच्या शहरात मी नेमका अलिखित मोडला. आमच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तोच प्रकार; फक्त रुमालासाठी भांडण होतं आणि टिश्यूसाठी होत नाही. त्या तरुणांनी "अंकल, बसा बसा," म्हणून सरकून आम्हाला जागा दिली. मलाय बाईंनी मला नारळाच्या दुधातला भात दिला आणि झोयाचा वाढताना तिला विचारलं, "तिखट जास्त की कमी?" मी तोंड उघडलं, पण माझ्या तोंडात भात होता. झोयाने आपलं आपण सांगितलं, "जा... जास्त." भात इतका तिखट निघाला की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने पानात काही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा. इमारत साधी. दोन ठिकाणी रंग उडालेला, आणि तो लपवायला कुणी तिथे झेंडा लावला नव्हता. फिरवायला पाचवीतली एक मुलगी आली आणि तिने सरळ वर्गात नेलं. मुलं गोंगाट करत होती. मला फार बरं वाटलं.

झोयाशी बोलणार होत्या लिम बाई. पन्नाशीच्या, बारीक, पायात कापडी बूट. आम्ही तिघं समोर बसलो. त्यांनी झोयाला विचारलं, "तू कशी आलीस इथे?"

"बाय प... प..."

"प्लेन," मी म्हणालो.

लिम बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी स्वतः हजारदा तसं पाहिलंय, पण ते मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत डबा उघडणाऱ्या पोरांकडे. त्या म्हणाल्या, "अंकल, तुम्ही प्लीज बाहेर थांबता का?"

चौतीस वर्षांत मी किती मुलांना वर्गाबाहेर उभं केलं त्याचा हिशेब नाही. मला कुणी केलं नव्हतं. इम्रान खाली मान घालून बुटाची नाडी बघू लागला. मी उठलो, बाहेर आलो आणि बाकावर बसलो.

दाराला काच होती. आवाज येत नव्हता, दिसत सगळं होतं. झोया बोलायला लागली आणि अडकली. हनुवटी वर गेली, डोळे मिटले. मी ताडकन उभा राहिलो. लिम बाई हलल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं नाही, घड्याळ पाहिलं नाही, मान डोलावली नाही, ते दयाळू हसूसुद्धा चेहऱ्यावर आणलं नाही. त्या नुसत्या बसून होत्या, जसं आपण पाणी उकळायची वाट बघत बसतो तसं. मग झोयाची हनुवटी खाली आली आणि तिचे ओठ हलले. मग बराच वेळ हलत राहिले. ती हातांनी काहीतरी गोल गोल दाखवत होती.

पुन्हा त्या बाकावर बसलो तेव्हा मला संगीता आठवली. दुसरीतली, शेवटच्या रांगेतली. उभी केली की गप्प राहायची. मी दोन क्षण थांबायचो, उत्तर आपणच सांगायचो आणि म्हणायचो, "बस." ती बसायची. मला वाटायचं मी तिच्यावर दया करतोय. पुढे चौथीनंतर ती शाळेत आली नाही. तिला उत्तर येत होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

अर्ध्या तासाने दार उघडलं. लिम बाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तिला डोसे करायला आवडतात," त्या म्हणाल्या. "दर रविवारी आईबरोबर करते. तवा किती तापला की पीठ घालायचं, हे तिने मला नीट समजावलं. मला ते माहीत नव्हतं."

मला एकदम दुबईच्या बाई आठवल्या. मेक ड... ड... ते डोसे होते.

लिम बाई पुढे म्हणाल्या, "तिने आणखी एक सांगितलं. ती म्हणाली, दादा माझी वाक्यं पूर्ण करतात. बहुतेक वेळा चुकीची करतात. पण ते खूश होतात म्हणून मी त्यांना सांगत नाही."

मला शब्द सापडेना. बाई माझ्यासाठीही थांबल्या.

नंतर त्यांनी इम्रानला सांगितलं की झोयाला घ्यायला शाळेला आनंद होईल, बोलण्यासाठी आठवड्यातून दोनदा मदतही मिळेल. पण जागा जानेवारीशिवाय रिकामी होणार नाही. तोवर नाव प्रतीक्षा यादीत. लिम बाई सोडायला फाटकापर्यंत आल्या, पण प्रवेशाचं पत्र काही मिळालं नाही.

पुन्हा गंगापूर रोड

घरी आलो तेव्हा तक्त्यात दुबई पुढे होती. तिथे जागा हातात, सिंगापुरात वाट बघा. इम्रानने दुबईचे कागद समीनापुढे सहीला ठेवले. समीनाने बाटलीवरचं वाचावं तसा फॉर्म वाचला. चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हा रकाना कोरा का?"

"अगं, उगाच कशाला?" इम्रान म्हणाला. "तिथे गेल्यावर होईल सगळं ठीक."

"माझी मुलगी काय उगाच आहे?"

मग इम्रान माझ्याकडे वळला. "अब्बा, तुम्ही दोन्ही शाळा पाहिल्यात. तुम्ही सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर माहीत होतं आणि मी ते दिलं नाही. म्हणालो, "झोयाला विचार."

झोया दारात उभी होती. तिने वेळ घेतला. समीनाचे ओठ हलायला लागले तेव्हा मी हात वर केला. झोया म्हणाली, "ख... खरं लिहा. मग ते काय म्हणतात ते ब... बघू."

इम्रानने खरं लिहून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, इतक्या सुंदर इंग्रजीत की मला दोनदा वाचावं लागलं. शाळेला झोयाबद्दल अत्यंत आस्था होती, आणि त्या आस्थेपोटीच तिच्या प्रवेशाचा फेरविचार करावा लागणार होता. चित्रकलेचा उल्लेख यावेळी नव्हता. दुबईत चांगली शाळा नसेल असं मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या शहरात कुठेतरी थांबणाऱ्या बाई असतीलच. आम्हाला त्या भेटल्या नाहीत इतकंच, आणि भेटल्या असत्या तरी आम्ही त्यांच्यापुढे कोरा रकाना ठेवला असता.

इम्रानने कंपनीला सिंगापूर कळवलं आणि जूनमध्ये एकटाच गेला. ते सहा महिने आम्हाला कोणालाच सोपे गेले नाहीत. समीना लंगडत दुकान आणि घर सांभाळत होती. झोया बापाचा फोन आला की आधी खोलीत पळायची, कारण फोनवर तिचं बोलणं जास्त अडायचं. शेवटी तिनेच नियम केला. जो तिचं वाक्य पूर्ण करेल त्याने रविवारचा डोशाचा तवा घासायचा. पहिले दोन महिने तवा मीच घासला. ऑगस्टमध्ये एकदा समीनाने. दिवाळीच्या सुट्टीत इम्रान आला आणि एका सकाळीच त्याने तीनदा घासला.

जानेवारीत समीना आणि झोया गेल्या. निघताना झोयाने मला काही सांगायला सुरुवात केली. गाडी खाली उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, समीना बॅग ओढत होती. आम्ही सगळे थांबलो. ती म्हणाली, "दादा, तुम्ही आ... आता चांगले ऐकता." मला शासनाकडून आदर्श शिक्षक वगैरे काही कधी मिळालं नाही. चाललं.

झोया अजून अडखळते. पुढेही अडखळेल, लिम बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. पण मागच्या महिन्यात तिने वर्गापुढे उभं राहून पैठणीच्या मागाबद्दल सांगितलं. चार मिनिटांचं भाषण अकरा मिनिटं चाललं आणि कुणी उठून गेलं नाही.

रविवारी सकाळी मी चहा घेत असतो तेव्हा त्यांची तिकडे जेवणाची तयारी चाललेली असते. तेव्हा फोन येतो. झोया आठवडाभराचं सगळं सांगत सुटते, आणि मध्येच थांबते. तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले, सगळा पडदा स्तब्ध. नेट गेलं की शब्द अडला, हे इकडून ओळखायचा काही उपाय नाही. सुरुवातीला मी "हॅलो, हॅलो" करायचो, फोन हलवायचो. आता काही करत नाही. कप खाली ठेवतो आणि बसून राहतो.